पहिल्यांदा ड्रोन उडवताय? मोटर सुरू करण्याआधीच्या या चुका टाळा

माझा पहिला ड्रोन उसात गेला. भिलवडीजवळ, कृष्णेकाठच्या आडसाली उसात, ऑगस्टच्या शेवटी. डिसेंबरात तोड आली तेव्हा टोळीतल्या एका मावशींना तो पाचटात दिसला आणि त्यांनी बांधावर आणून ठेवला. चारही पंखे जागेवर होते. कॅमेऱ्याच्या काचेआड चिखल शिरला होता आणि बॅटरी फुगून तिचं कवच फाकलं होतं. मशीनमध्ये मात्र त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. फोनमधली उड्डाणाची नोंद उघडून बघितली तेव्हा ते कळलं. बॅटरी उतरल्यावर ड्रोन ठरल्याप्रमाणं माघारी वळला आणि त्याच्याकडं नोंद असलेल्या जागी शांतपणे उतरला. ती जागा उसाच्या मधोमध होती.

मी ड्रोन बांधावर ठेवला, चालू केला आणि जीपीएसची वाट न बघता उचलला. पुरेसे उपग्रह मिळाले तेव्हा तो माझ्यापासून दीडशे मीटरवर, उसाच्या डोक्यावर होता. होम पॉइंट, म्हणजे ड्रोन माघारी येतो ती नोंदलेली जागा, तिथंच पडला. पुढं स्क्रीनवर ‘परत येत आहे’ असं दिसलं म्हणून मी रिमोटच्या स्टिकवरचे अंगठे काढून घेतले आणि तो माझ्याकडं येईल म्हणून वाट बघत राहिलो.

तेव्हापासून तासगाव, पलूस, कराड भागातल्या बऱ्याच मुलांचं पहिलं उड्डाण मी शेजारी उभं राहून बघितलंय. अंगठा चुकल्यानं ड्रोन गेला असं फार थोड्यांचं होतं. जातात ते मोटर सुरू करण्याआधीच्या दहा मिनिटांत केलेल्या घाईनं. म्हणून हे सगळं त्या दहा मिनिटांबद्दल.

होम पॉइंट पडायच्या आत उचलणं

ड्रोन मोकळ्या जागी सपाट ठेवा, चालू करा आणि थांबा. उपग्रहांचा आकडा वाढताना दिसेल. दहा-बाराच्या पुढं गेला, जीपीएसचं चिन्ह हिरवं झालं आणि होम पॉइंट नोंदवल्याचा संदेश आला, की मगच उचला. आभाळ मोकळं असेल तर एक-दोन मिनिटं लागतात. झाडाखाली, इमारतींच्या बोळात किंवा दरीत जास्त. संदेश आल्यावर ॲपच्या नकाशात बघा, होमची खूण तुमच्या पायाशी आहे का. ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

दुसरी गोष्ट परतीच्या उंचीची. ‘रिटर्न टू होम’ची उंची सेटिंगमध्ये आधीच काहीतरी ठरवलेली असते आणि नवा माणूस ती उघडूनसुद्धा बघत नाही. सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन आधी त्या उंचीपर्यंत चढतात आणि मग सरळ रेषेत घरी निघतात. वाटेत नारळ असो, मोबाईलचा टॉवर असो की वस्तीवरची पाण्याची टाकी. द्राक्षबागेच्या कडेनं वारा अडवायला लावलेली सिल्व्हर ओकची रांग सहज साठ-सत्तर फूट जाते. परतीची उंची तीस मीटर ठेवली असेल तर ती झाडं आणि ड्रोन यांच्यात फारसं अंतर उरत नाही. आजूबाजूचं सगळ्यात उंच काय आहे ते नजरेनं शोधा, त्यावर किमान पंधरा-वीस मीटर धरा. विजेच्या तारांवर खास लक्ष ठेवा. ज्या ड्रोनला अडथळे ओळखणारे सेन्सर असतात, त्यांनाही बारीक तार बऱ्याचदा दिसत नाही.

साताऱ्याकडच्यांसाठी इथं एक मोठा धोका आहे. स्क्रीनवर दिसणारी उंची ही जिथून उडवलं त्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नाही. अजिंक्यतारा पायथ्यापासून सुमारे 300 मीटर उंच आहे. अशा एखाद्या डोंगराच्या पायथ्याला ड्रोन उचलून 60 मीटरवर नेला आणि डोंगराच्या दिशेनं सोडला, तर आकडा 60 च राहतो, पण जमीन वर वर येत जाते आणि ड्रोन उतारावर आदळतो. एका मुलाचा ड्रोन असाच करवंदीच्या जाळीत घुसला, तेव्हा तो मला परत परत म्हणत होता, “दादा, साठ मीटर दाखवत होतं की!” मीटर बरोबरच होतं. डोंगराकडं उडवायचं असेल तर वरून खाली या, खालून वर जाऊ नका. आणि पहिल्या दहा उड्डाणांत तर डोंगराकडं जाऊच नका.

लोखंडाशेजारून उचलणं

आपल्याकडं ड्रोन घरी आला की पहिल्यांदा उडतो तो गच्चीवरून, कारण तिथं कोणी आडवं येत नाही. पण स्लॅबमध्ये सळई असते आणि ड्रोनचा होकायंत्र सेन्सर त्यानं फसतो. बोअरचं झाकण, पत्र्याची शेड, गाडीचं बॉनेट, सगळ्यांचं तेच. द्राक्षपट्ट्यात तर बागेच्या मांडवाला ओळीनं लोखंडी अँगल आणि तारा असतात. बागेच्या दोन ओळींमध्ये ड्रोन ठेवून कॅलिब्रेशन करणं, म्हणजे होकायंत्र जुळवून घेणं, हे त्याला चुकीची उत्तर दिशा शिकवणं.

याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. ड्रोन एका जागी तरंगायच्या ऐवजी गोल गोल फिरायला लागतो आणि घेर वाढत जातो. तुम्ही दुरुस्त करायला जाल तसा तो आणखी बहकतो. असं झालं तर घाबरून दूर नेऊ नका, हळूहळू खाली आणा आणि उतरवा. मग पंधरा-वीस पावलं मोकळ्या मातीच्या रानात जाऊन, खिशातला मोबाईल आणि चाव्या बाजूला ठेवून कॅलिब्रेशन करा. ॲपनं मागितलं नसेल तर उगीच दर वेळी करायची गरज नाही. चुकीच्या जागी केलेलं कॅलिब्रेशन न केलेल्यापेक्षा वाईट.

बॅटरी

शनिवारी चार्ज केलेली बॅटरी पुढच्या रविवारी भरलेली असेलच असं नाही. बऱ्याच ड्रोनच्या बॅटऱ्या काही दिवस वापरल्या नाहीत तर फुगू नये म्हणून आपणहून थोड्या उतरतात. आदल्या रात्री पुन्हा लावा. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो, ठेवून द्यायचा असेल तर 3.8 च्या आसपास चांगला राहतो. भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी महिनाभर कपाटात पडली की ती खराब होते.

आपल्याकडं दोन ऋतू बॅटरीला सोसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, थंडीत, बॅटरी नेहमीपेक्षा लवकर बसते, म्हणून उडवण्याआधी ती खिशात उबदार ठेवा आणि उचलल्यावर मिनिटभर जागेवर तरंगू द्या. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद गाडीत बॅटरी ठेवू नका. उडवून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, हाताला थंड लागू दे. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीच वापरायची नाही, “अजून थोडी चालेल” हा हिशोब इथं करू नका. रिमोट आणि फोन यांचं चार्जिंगही तपासा. अर्ध्यात फोन बंद पडला तर कॅमेऱ्याचं चित्र जातं.

पहिल्या दिवशी बॅटरी 40 टक्क्यांवर आली की उतरवा. 20 टक्क्यांच्या इशाऱ्याची वाट बघू नका.

पंखे आणि कॅमेऱ्याचं झाकण

समोरासमोरच्या तिरक्या जोडीचे पंखे एका दिशेनं फिरतात, दुसरी जोडी उलट. पंख्यावर आणि मोटरवर खूण असते, ती जुळवा. उलटा बसला तर ड्रोन उचलायच्या ऐवजी जागेवरच पलटी मारतो. किंचित चीर गेलेला पंखा टाकून द्या. कॅमेऱ्यावरचं पारदर्शक झाकण काढायला विसरलात तर चालू होताच गिंबलचा, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचा, एरर येतो. खराब झालंय म्हणून दुकानात धावण्याआधी झाकण बघा.

ॲपचं अपडेट घरच्या वायफायवर आदल्या दिवशी करून घ्या. माळावर नेटवर्क नसतं आणि काही ड्रोन अपडेट झाल्याशिवाय उडतच नाहीत.

वाऱ्याचा अंदाज खालून घेणं

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही दिसायला छान म्हणून नाही. त्या कड्यांवर वारा सतत असतो. खाली मोकळ्या रानात गवताचं पातं हलत नसतं, तेव्हाही चाळीस-पन्नास मीटरवर वारा ड्रोनला ढकलत असतो. नवा माणूस वाऱ्याच्या दिशेनं ड्रोन सोडतो. तो भरभर जातो, छान वाटतं, आणि परत येताना वाऱ्याविरुद्ध त्याची सगळी बॅटरी खर्च होते. म्हणून जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे परतताना वारा मदत करतो. वाऱ्यात अडकलात तर उंची कमी करा, खाली वारा मंद असतो.

परवानगी, आणि गावाला कल्पना

ड्रोन नियम 2021 प्रमाणं 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढं 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनो ड्रोन, किंवा धंद्यासाठी नसलेला मायक्रो, उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. लग्नाच्या ऑर्डरी मायक्रो ड्रोनवर घेणार असाल तर लागतं. ड्रोनची नोंदणी करून यूआयएन, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मात्र घ्यावाच लागतो. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात 120 मीटर, म्हणजे 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात परवानगी हवी, लाल भाग सोडूनच द्या. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्यावरचे अधिकारी एखादी जागा 96 तासांपर्यंत तात्पुरती बंद करू शकतात, म्हणून गणपती विसर्जन किंवा मोठ्या नेत्याच्या सभेच्या दिवशी आधी चौकशी करा. कोयना धरण, तुरुंग, लष्करी जागा, सागरेश्वर अभयारण्य, कास पठार, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्या जवळ पहिलं उड्डाण ठरवूच नका.

कागदाइतकीच शेजाऱ्यांची कल्पना महत्त्वाची. ड्रोनच्या अफवांनी रात्री जागून काढणारी गावंच्या गावं मी पाहिलीत. अनोळखी पोरगा बांधावर रिमोट घेऊन उभा दिसला की लोक विचारणारच. आधी रानाच्या मालकाला, आणि गावालगत असाल तर पोलीस पाटलांना सांगा. एकदा एका आबांनी मला विचारलं, “माझ्या घराचं काय शूटिंग करतोस?” मी स्क्रीन त्यांच्या हातात दिली. पाच मिनिटांत ते मला आपली विहीर कुठं दिसते ते दाखवत होते.

उचलल्यावर

जागा: तोड झालेलं रान किंवा रविवारी सकाळचं शाळेचं मैदान. घराच्या आत उडवून बघू नका, तिथं जीपीएस नसतं आणि उजेड कमी असला की खालचे सेन्सरही आंधळे होतात. नदीच्या पाण्यावर अगदी खालून उडवायचाही मोह टाळा, हलत्या पाण्यावर तेच सेन्सर फसतात.

उचलल्यावर फूटभर उंचीवर रेंगाळू नका. जमिनीवरून परत येणाऱ्या हवेनं तो तिथं हेलकावे खातो. पाच-सहा फुटांवर न्या आणि सोडा. अर्धा मिनिट एका जागी राहतो का, आवाज एकसारखा आहे का, स्टिक बरोबर चालतात का, हे बघा. मग ड्रोनची पाठ तुमच्याकडं ठेवून चौकोन काढा. पाठ तुमच्याकडं असते तोवर डावं ते डावं. तोंड तुमच्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवे लोक इथंच गडबडतात. पहिली दोन-तीन बॅटरी फक्त याच सरावाला द्या. स्पोर्ट मोड, म्हणजे जास्त वेगाचा मोड, बंद ठेवा. त्यात बहुतेक ड्रोनचे अडथळा-सेन्सर काम करत नाहीत आणि थांबायला लागणारं अंतर वाढतं.

काही सुचेनासं झालं तर दोन्ही स्टिक सोडा. जीपीएस असेल तर ड्रोन जागेवर थांबतो. दोन्ही स्टिक खाली आणि आत ओढायच्या नाहीत, काही ड्रोनमध्ये त्यानं हवेतच मोटर बंद होतात.

घारी येतात, विशेषतः विणीच्या दिवसांत. घार घिरट्या घालायला लागली की ड्रोन सरळ वर न्या. घारीला तितक्या वेगानं उभं चढता येत नाही. ती दूर गेली की लांबून वळसा घालून उतरवा आणि त्या दिवशी तिथं परत उडवू नका, घरटं जवळ असणार.

तारेवर अडकला तर काठी, बांबू, दोरी काहीही लावू नका. महावितरणच्या वायरमनला बोलवा. तारेत प्रवाह नाही असं कोणी सांगितलं तरीही.

आणि उसात पडला तर पहिली पाच मिनिटं हलू नका. ॲपमधल्या शेवटच्या ठिकाणाचा स्क्रीनशॉट घ्या आणि जिथं तो नजरेआड झाला त्या दिशेला एखादं झाड किंवा खांब धरून ठेवा. सोबतचा माणूस दुसऱ्या बांधावर पाठवून त्याच्याकडूनही दिशा घ्या. दोन रेषा जिथं कापतात तिथून शोध सुरू करा. नकाशावरची पाच-दहा मीटरची चूक मोकळ्या रानात काहीच नसते, पण वाढलेल्या उसात तेवढ्यात माणूससुद्धा दिसत नाही. बॅटरीत जीव असेतोवर ॲपमधून बीप वाजवता येते, म्हणून मालकाला विचारून लगेच आत शिरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कारण पानाची धार अंग कापते. दिवस मावळायला आला असेल तर मात्र शोध सकाळवर टाका. कराड, शिराळ्याकडच्या उसात बिबट्या असतो.