पेशंटचे रेकॉर्ड एका क्लिनिकमधून दुसरीकडे पाठवायचे कसे: छोट्या क्लिनिकवाल्यांसाठी

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. आभा कार्ड म्हणजे आयुष्मान कार्ड नाही आणि महात्मा फुले योजनेचं कार्ड तर अजिबातच नाही. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं, "हे काढलं की पाच लाखांचं ऑपरेशन फुकट ना?" नाही हो. आभा म्हणजे नुसता १४ आकडी नंबर, फुकट मिळतो, ऐच्छिक आहे, आणि त्याचं काम एकच, वेगवेगळ्या दवाखान्यांतले तुमचे कागद एकाच माणसाचे आहेत हे ओळखणं. सोबत एक आभा ॲड्रेस मिळतो, ईमेलसारखा दिसणारा, शेवटी @एबीडीएम असलेला. रेकॉर्ड फिरतात ते या ॲड्रेसवर, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी भीती डॉक्टर लोकांची असते, की माझ्या सगळ्या पेशंटचा डेटा दिल्लीला जाणार. तसंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन (एबीडीएम, आभा ज्यातून मिळतो ती केंद्र सरकारची योजना) देशभर सुरू झालं तेव्हापासून रचना अशी आहे की रेकॉर्ड ज्याने बनवला त्याच्याकडेच राहतो. मधल्या सरकारी यंत्रणेला फक्त एवढंच माहीत असतं की अमुक आभाचा अमुक तारखेचा कागद अमुक क्लिनिकमध्ये आहे. पेशंटने हो म्हटलं की तो कागद तुमच्या सॉफ्टवेअरमधून निघून समोरच्या डॉक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, तोही वाटेत कुलूपबंद, मधल्या यंत्रणेलाही वाचता येत नाही.

आता तयारी. डॉक्टरची नोंद हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीमध्ये आणि क्लिनिकची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीमध्ये, दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन्ही लागतात. डॉक्टरच्या नोंदीला आधार आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट, म्हणजे एमबीबीएसवाल्यांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांना त्यांच्या कौन्सिलचं. अडतं कुठे तर नावावर, लग्नाआधीच्या नावाने रजिस्ट्रेशन आणि लग्नानंतरच्या नावाने आधार असेल तर पुरावा जोडा. आणि कौन्सिलचं रिन्यूअल राहिलं असेल तर आधी ते करा, मग इकडे या.

मग सॉफ्टवेअर. विकायला येणारा प्रत्येकजण म्हणतो "सर, आपलं एबीडीएम कम्प्लायंट आहे". त्याला एकच विचारायचं, एम वन, एम टू, एम थ्री, तिन्ही झालेत का? एम वन म्हणजे आभा काढणं आणि तपासणं. एम टू म्हणजे तुमच्याकडचा रेकॉर्ड लिंक करून, म्हणजे पेशंटच्या आभाला जोडून, दुसऱ्याला देता येणं. एम थ्री म्हणजे दुसऱ्याचा रेकॉर्ड परवानगी घेऊन मागवता येणं. नुसतं एम वन असेल तर तुम्ही कार्डं छापत बसाल, कागद एकही हलणार नाही. तोंडी हो वर समाधान मानू नका, डेमोला तुमचा स्वतःचा आभा वापरा आणि म्हणा, मागच्या महिन्यात मी ज्या लॅबमध्ये रक्त तपासलं तिथला रिपोर्ट आत्ता इथे आणून दाखव. लॅब या मिशनमध्ये असली तर दोन-चार मिनिटांत कळतं काय ते.

एक अजून, सॉफ्टवेअर क्लिनिकमधल्याच कॉम्प्युटरवर चालणारं असेल तर रात्री तो बंद केल्यावर तुमचे रेकॉर्ड कुणालाच मिळणार नाहीत, कारण ते तुमच्याकडेच आहेत ना. क्लाउडवालं असेल तर हा प्रश्न येत नाही. लाइट जाणाऱ्या गावात हे आधी विचारात घ्या.

खरं काम रिसेप्शनवर आहे

माझं ठाम मत आहे की रेकॉर्ड शेअरिंग फसतं ते सॉफ्टवेअरमुळे कमी आणि काउंटरवरच्या नोंदणीमुळे जास्त. पेशंट जेव्हा त्याच्या आभा ॲपमधून तुमचं क्लिनिक शोधतो आणि "माझे कागद इथे आहेत का" विचारतो तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर चार गोष्टी जुळवून बघतं, मोबाईल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष. आता आपल्याकडच्या रजिस्टरमध्ये काय असतं? "पाटील काकू, ६०". मोबाईल मुलाचा. आधारवर नाव सुमन बाळासाहेब पाटील, जन्मतारीख १ जानेवारी १९५८ (त्या पिढीत अर्धा गाव १ जानेवारीलाच जन्मलाय, त्याला इलाज नाही). हे जुळणार कसं? नाहीच जुळत, आणि मग म्हणतात सिस्टीम चालत नाही.

त्यामुळे रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंना किंवा दादाला एवढं शिकवा. नाव आधारवर आहे तसंच, टोपणनाव शेजारच्या वेगळ्या रकान्यात. वय विचारू नका, जन्मवर्ष विचारा, कारण वय दरवर्षी बदलतं आणि रजिस्टरमध्ये ते साठचं साठच राहतं. जुना पेशंट आला की आधी शोधा, नवीन फाईल उघडू नका, एकाच माणसाच्या तीन फाईली झाल्या की एकीत शुगर, दुसरीत बीपी आणि तिसरीत ॲलर्जी असा कारभार होतो. सगळ्यात सोपं म्हणजे क्यूआर, क्लिनिकचा क्यूआर काउंटरवर लावायचा, पेशंट आभा ॲपमधून स्कॅन करतो, त्याचं नाव-पत्ता-आभा थेट तुमच्या स्क्रीनवर येतं, टोकन मिळतं, टाइप करायची भानगडच नाही. स्मार्टफोन नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने तुम्ही काढून देऊ शकता.

पण इथे एक गोष्ट चुकूनही करू नका. पेशंटचा फोन घरी राहिलाय, गर्दी आहे, म्हणून संपर्काच्या नंबरच्या जागी क्लिनिकचा किंवा स्टाफचा मोबाईल घालायचा, हे सर्रास चालतं. तो नंबर ज्याचा, त्याच्याकडे परवानगीचे मेसेज जातात. म्हणजे उद्या पेशंटचे कागद कुणी मागितले तर हो म्हणणारा पेशंट नाहीच, तुमचा कंपाउंडर आहे. हेच घरातल्या घरातही होतं आणि ते जास्त नाजूक. बायकोचा आभा नवऱ्याच्या नंबरवर असेल आणि ती स्त्रीरोगतज्ञांकडे एकटी गेली असेल, तर कागद लिंक झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर वाजतो. तिला ते चालणार आहे का हे कुणी विचारलं? विचारा, हळू आवाजात, बाजूला घेऊन, आणि ती नको म्हणाली तर ती व्हिजिट लिंक करू नका. एचआयव्हीचं तर २०१७ च्या कायद्यानेच बांधलेलं आहे, पेशंटच्या लेखी संमतीशिवाय ती माहिती दुसऱ्याला द्यायची नाही (कायद्यात मोजके अपवाद आहेत). मानसिक आजाराच्या माहितीच्या गुप्ततेचाही त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे. सॉफ्टवेअरमध्ये "सगळं आपोआप लिंक करा" असं बटण असेल तर ते बंद ठेवा आणि प्रत्येक व्हिजिटला विचारून लिंक करा असं मी म्हणेन, थोडा वेळ जातो, जाऊ दे.

आणि आभा नाही म्हणून पेशंटला परत पाठवायचं नाही. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक.

पाठवताना

व्हिजिट संपली की प्रिस्क्रिप्शन, लॅब रिपोर्ट, ओपीडी नोट, डिस्चार्ज समरी, लसीकरण, यातलं जे असेल ते त्याच्या योग्य प्रकारात टाकून पेशंटच्या आभाला लिंक करायचं. प्रकार चुकवू नका, कारण समोरचा डॉक्टर "फक्त लॅब रिपोर्ट द्या" असं मागू शकतो आणि तुम्ही तो रिपोर्ट प्रिस्क्रिप्शनमध्ये टाकला असेल तर त्याला मिळणारच नाही.

हाताने लिहिलेल्या केसपेपरचा फोटो काढून चढवला तरी तो जातो, पण पलीकडे पोचतो तो फोटोच. तुमचं अक्षर तुमच्या मेडिकलवाल्याला लागतं, पुण्याच्या कार्डिओलॉजिस्टला नाही लागत. किमान औषधं तरी टाइप करा. निदानासाठी स्नोमेड सीटी आणि लॅबसाठी लॉइंक अशा ठरलेल्या कोडांच्या याद्या आहेत, भारतात स्नोमेड वापरायला पैसे पडत नाहीत आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतच आहे. तुम्हाला कोड पाठ करायचे नाहीत, चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये "डायबे" टाइप केलं की यादी येते, त्यातून निवडायचं. फायदा असा की समोरच्याच्या स्क्रीनवर मागच्या दोन वर्षांच्या शुगरचा ग्राफ आपोआप निघतो, पीडीएफमधून तो निघत नाही.

आता खरी कळकळीची गोष्ट. पेशंट रेफर करताना सगळे कागद लिंक केले म्हणजे काम झालं असं समजू नका. साठ पानं उघडून वाचायला समोरच्या ओपीडीत कुणाला वेळ आहे? वर एक टाइप केलेली चिठ्ठी हवीच. त्यात पहिल्या ओळीत का पाठवलं, तुमचा प्रश्न काय. "फॉर ओपिनियन अँड नीडफुल" हे लिहिणं आता तरी थांबवा, त्यातून काहीच कळत नाही. मग सध्या चालू असलेली औषधं, ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव आणि डोस, कारण तुमच्या गावात मिळणारा ब्रँड तिकडच्या डॉक्टरने ऐकलेला असेलच असं नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, बंद केली असेल तर कोणत्या तारखेपासून. ॲलर्जी, आणि नसेल तर "माहितीत ॲलर्जी नाही" असं स्पष्ट, रिकामी जागा सोडली तर विचारलंच नाही की नाहीच आहे ते कळत नाही. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तारखेसकट, सीटीत डाय द्यायचा असेल तर तेच आधी विचारतात. आणि पेशंट घरी आल्यावर कुणी काय बघायचं, टाके तुम्ही काढणार की ते. एवढ्यावर एक पान भरतं, जास्त नको.

मागवताना

तुमच्याकडे नवीन पेशंट आला, आधी तो दुसऱ्या हॉस्पिटलात ॲडमिट होता. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आभा ॲड्रेस टाकून विनंती पाठवायची. त्यात उद्देश, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि परवानगी कधी संपणार एवढं भरावं लागतं. लोक काय करतात, सगळ्या प्रकारांवर टिक करून २००० सालापासूनचं सगळं मागतात आणि परवानगी पाच वर्षांची. पेशंट शहाणा असेल तर नाकारतो, आणि बरोबरच आहे त्याचं. गुडघेदुखीला आलेल्या माणसाची डिस्चार्ज समरी आणि वर्षभराचे रिपोर्ट पुरेत, परवानगी उपचार चालेल तेवढीच मागा. पेशंट ॲपमध्ये बघून मंजूर करतो, हवं तर एखादं हॉस्पिटल त्यातून वगळतो, नंतर कधीही परवानगी मागेही घेऊ शकतो. परवानगी संपली की आलेला कागद ठेवायचा हक्क राहत नाही, म्हणून ज्या रिपोर्टवर तुम्ही निर्णय घेतला त्याचा आकडा आणि तारीख तुमच्या स्वतःच्या नोटमध्ये त्याच वेळी लिहून ठेवा.

मंजूर झालं आणि काहीच आलं नाही, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक, आधीच्या हॉस्पिटलने कागद लिंकच केलेले नाहीत, परवानगीने नसलेला कागद येत नाही. दोन, पेशंटचे दोन आभा ॲड्रेस आहेत, एक मुलाने काढून दिलेला, एक कुठल्यातरी कॅम्पमध्ये काढलेला, कागद एकाला लिंक आणि तुम्ही विनंती दुसऱ्यावर पाठवली. पेशंटला ॲप उघडायला सांगा, लिंक झालेली हॉस्पिटलं त्यात दिसतात, तिथेच उलगडा होतो.

आणि पलीकडचा या सगळ्यात नसेलच तर

अजून असे बरेच आहेत, मग उरतं व्हॉट्सॲप. करू नका म्हणून उपयोग नाही, सगळे करतात, तर नीट करा. फोटोऐवजी पीडीएफ. ग्रुपवर नाही, थेट त्या डॉक्टरच्या नंबरवर, आणि पाठवण्याआधी नंबर तपासून, चुकीच्या नंबरवर गेलेला रिपोर्ट परत येत नाही. पीडीएफला पासवर्ड लावा आणि पासवर्ड फोनवर सांगा. पेशंटकडून "पाठवा" असा साधा मेसेज घेऊन ठेवा, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तोंडी संमतीवर विसंबून राहणं बरं नाही. पोचल्याचं उत्तर आलं की स्टाफच्या फोनमधून, गॅलरीतून आणि क्लाउड बॅकअपमधूनही काढून टाका. एमआरआय-सीटीच्या फिल्मचा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो मात्र कुणालाही पाठवू नका, सेंटरकडून डायकॉम फाईलची (स्कॅनची मूळ डिजिटल फाईल) लिंक किंवा सीडी मागा, त्यात सगळे स्लाइस असतात.

पेशंटने स्वतः कागद मागितले तर टाळाटाळ नको, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. ते त्याने आपल्या ॲपमध्ये स्वतः चढवून ठेवले तर पुढच्या डॉक्टरला तिथूनही दाखवता येतात.

सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तर जुन्याचे पैसे बंद करायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या. सगळा डेटा कोडांसकट, नुसत्या पीडीएफच्या गठ्ठ्यात नाही. आणि नवीन कंपनीकडून हे, की आधी लिंक झालेल्या व्हिजिटचे कागद कुणी मागितले तर त्याला उत्तर त्यांचं सॉफ्टवेअर देईल. नाहीतर पेशंटच्या ॲपमध्ये तुमच्या क्लिनिकचं नाव दिसतं, तारीख दिसते, उघडायला गेलं की मात्र कागद येत नाही, आणि फोन तुम्हालाच येतो.