एका संगणकावर अनेक खाती: जावक मेलचा मार्ग कसा ठरवावा

सांगलीच्या मार्केट यार्डातील ज्या अडत पेढीचे संगणकाचे काम मी पाहतो, तेथे एकाच संगणकावरून चार पत्त्यांनी मेल जाते: हळदीच्या सौद्यांचा पत्ता, हिशेबाचा पत्ता, बेदाण्याच्या जोडपेढीचा पत्ता आणि मालकांचे स्वतःचे जीमेल. दोन हंगामांपूर्वी इरोडच्या एका खरेदीदाराला राजापुरी हळदीचा भाव सौद्याच्या खात्यातून कळवला होता. त्याच्याकडे तो मालकांच्या खासगी पत्त्यावरून पोहोचला, उत्तरही तिकडेच गेले आणि दोन दिवस कोणी उघडले नाही. तोपर्यंत त्याने दुसरीकडून माल उचलला होता. चूक आमच्याच मांडणीत होती.

कार्यालयात आवक आणि जावक यांच्या वह्या वेगळ्या असतात, तसेच मेलचेही आहे. आलेली मेल आयमॅप या पद्धतीने वाचली जाते आणि जाणारी मेल एसएमटीपी सर्व्हरकडे, म्हणजे मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरकडे, सोपवली जाते. या दोहोंचा एकमेकांशी आपोआप मेळ बसतोच असे नाही. आम्ही वापरतो त्या थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये आवक सर्व्हर ज्या त्या खात्याखाली दिसतो, परंतु जावक सर्व्हरांची यादी सर्व खात्यांसाठी मिळून एकच असते, आणि कोणत्या खात्याने त्यातील कोणता सर्व्हर वापरायचा हे वेगळे नेमावे लागते. आमच्याकडे जीमेलचा सर्व्हर डिफॉल्ट होता आणि सौद्याचे खाते घाईत त्यालाच जोडलेले राहिले होते. जीमेलकडे नोंद नसलेला प्रेषकाचा पत्ता दिसला की जीमेल तो काढून लॉगिन केलेल्या खात्याचा पत्ता घालते. काही सर्व्हर अशा वेळी ५५३ क्रमांकाची त्रुटी देऊन मेल परत करतात. तसे झाले तर निदान चूक जागीच कळते.

म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी कागदावर तक्ता करावा. प्रत्येक पत्त्यासमोर जावक सर्व्हरचे नाव, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक), सुरक्षेचा प्रकार आणि युजरनेम लिहावे. युजरनेम म्हणून बहुधा पूर्ण ईमेल पत्ता लागतो. पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस आणि ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस निवडावे. पोर्ट २५ हे सर्व्हरांच्या आपसातील देवघेवीसाठी आहे. अनेक इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

तक्ता झाला की अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्वांत खाली असलेल्या आउटगोइंग सर्व्हरच्या यादीत प्रत्येक सर्व्हर जोडावा आणि त्याच्या वर्णनात ओळखू येईल असे नाव लिहावे. नंतर एकेका खात्यात जाऊन त्याचा जावक सर्व्हर नेमावा. एका खात्यावर दोन पत्ते चालत असतील तर मॅनेज आयडेंटिटीजमध्ये प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा सर्व्हर देता येतो. जीमेल ब्राउझरमध्ये वापरणाऱ्यांनी सेंड मेल ॲज या भागात कार्यालयाचा पत्ता जोडावा, आणि ज्या पत्त्यावर मेल आली त्याच पत्त्यावरून उत्तर देण्याचा पर्याय निवडावा. हा पर्याय लोक हमखास विसरतात.

बिले पाठवणारा हिशेबाचा प्रोग्राम आणि स्कॅनर यांची एसएमटीपी सेटिंग त्यांच्यातच असते, तीही तक्त्यात घ्यावी. ते जीमेलमधून पाठवत असतील तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

पेढीचे स्वतःचे डोमेन (पत्त्यातील @ नंतरचे नाव) असेल तर एवढ्यावर थांबता येणार नाही. त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे, हे डीएनएसमधील, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतील, एसपीएफ नोंद सांगते. ही नोंद एका डोमेनला एकच असावी. दुसरा सर्व्हर आला म्हणून दुसरी नोंद केली तर तपासणी फसते, त्यामुळे आहे त्याच नोंदीत भर घालावी. प्रत्येक सर्व्हरवर डीकेआयएम स्वाक्षरीही, म्हणजे मेल त्या डोमेनचीच असल्याची खूण, सुरू करावी. डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचे काय करावे हे सांगणारा नियम, आधी फक्त निरीक्षणाच्या पातळीवर ठेवावे आणि सगळे मार्ग जुळल्याची खात्री पटल्यावरच कडक करावे, कारण एखादा विसरलेला स्कॅनर असला तर त्याची मेल त्या क्षणापासून अडू लागते.

शेवटी प्रत्येक पत्त्यावरून एकेक मेल स्वतःच्या दुसऱ्या जीमेलवर पाठवावी. तेथे शो ओरिजिनल उघडून प्रेषकाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे पास आले आहे का ते पाहावे. मग त्या प्रत्येक मेलला उत्तर देऊन ते कोणत्या इनबॉक्समध्ये उतरते तेही तपासावे. जीमेलच्या सेंटमध्ये एकाच मेलच्या दोन प्रती दिसू लागल्या, तर थंडरबर्डमधील प्रत ठेवण्याची खूण त्या खात्यापुरती काढून टाकावी. जीमेलचा सर्व्हर स्वतःच प्रत ठेवतो. इतर खात्यांची ही खूण मात्र तशीच राहू द्यावी, अन्यथा पाठवलेल्या भावाची नोंदच मागे उरणार नाही.