आकडेमोडीसाठी फंक्शनल प्रोग्रॅमिंग कसं शिकावं: सुरुवात वर्गमुळापासून

फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेली बरीच मंडळी ‘मोनॅड’ नावाच्या एका अमूर्त, अवघड संकल्पनेपाशी अडकतात आणि तिथूनच माघारी फिरतात. ज्यांना समीकरणं सोडवायची आहेत, क्षेत्रफळं काढायची आहेत किंवा प्रयोगातले आकडे तपासायचे आहेत, त्यांना सुरुवातीला मोनॅड लागतच नाही. त्यांना बारावीचं गणित पुरतं. सोबत एक सवय लावून घ्यावी लागते: उत्तराच्या जवळ जवळ नेणारं फंक्शन वेगळं लिहायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवणारं वेगळं. खालच्या पायऱ्या त्या सवयीसाठीच आहेत.

फंक्शन सगळ्याच भाषांत असतात, मग वेगळं काय? इथे फंक्शनला तेच आकडे दिले की दरवेळी तेच उत्तर मिळतं आणि बाहेरचं काहीही बदलत नाही. एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती कायमची, त्यामुळे ‘क्ष मध्ये १ मिळवून परत क्ष मध्येच ठेव’ हा प्रकार बंद. गंमत अशी की फोरट्रान ही वैज्ञानिक आकडेमोडीची पहिली मोठी भाषा १९५७ साली ज्यांच्या नेतृत्वाखाली आली, त्या जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या एकेक किंमत बदलत नेण्याच्या पद्धतीवर सडकून टीका केली आणि फंक्शनल शैलीची बाजू मांडली.

पायरी १: भाषा एकच घ्या

माझं मत विचाराल तर हॅस्केल घ्या. पायथॉन येत असेल तरीही. पायथॉनमध्ये अडलं की हात आपोआप लूपकडे, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून किंमती बदलत नेणाऱ्या रचनेकडे जातो. हॅस्केलमध्ये तसा लूपच नाही, त्यामुळे जुनी सवय मागच्या दाराने आत येत नाही. ‘जीएचसीअप’ हा इन्स्टॉलर उतरवून घ्या, टर्मिनलमध्ये ‘जीएचसीआय’ सुरू करा आणि काही दिवस फाइल वगैरे न बनवता तिथेच एकेक ओळ टाइप करून उत्तर बघा.

दोन ठेचा हमखास लागतात. फंक्शनला ऋण संख्या देताना ती कंसात टाकावी लागते, नाहीतर हॅस्केल वजाबाकी समजतं. दुसरी ठेच सरासरी काढताना लागते. यादीची बेरीज भागिले यादीची लांबी असं लिहिलं की भलामोठा एरर येतो, कारण लांबी पूर्णांक प्रकारची असते आणि दशांशाचा भागाकार पूर्णांकावर चालत नाही. लांबीला आधी ‘फ्रॉमइंटिग्रल’ लावा, काम होतं. हा एरर मराठी शाळेतल्या कडक मास्तरांसारखा आहे: सुरुवातीला राग येतो, पण पूर्णांक आणि दशांश यांची सरमिसळ कुठे झाली ते तो तिथल्या तिथे दाखवतो.

पायरी २: वर्गमूळ काढा, पण घाई न करता

न्यूटनची रीत बहुतेकांना माहीत असते. अ चं वर्गमूळ हवं, हाताशी क्ष हा अंदाज आहे, तर पुढचा अंदाज (क्ष + अ/क्ष) ÷ २. एवढं एका ओळीचं फंक्शन लिहा. मग ते ‘इटरेट’ या तयार फंक्शनला द्या. इटरेट पहिल्या अंदाजापासून सुरू होऊन अंदाजांची न संपणारी यादी देतं. न संपणारी यादी मेमरीत कशी मावते? मावत नाही. हॅस्केल आळशी आहे, मागितल्याशिवाय पुढचा आकडा काढतच नाही. म्हणून ‘टेक’ वापरून पहिले पाचच मागा. २ चं वर्गमूळ १ पासून काढायला घेतलं तर हे दिसेल:

१
१.५
१.४१६६६६…
१.४१४२१५६…
१.४१४२१३५६२३७४…

पाचव्या ओळीत दशांशानंतरचे अकरा अंक बरोबर आले आहेत. आता तेच फंक्शन, एक अक्षरही न बदलता, ‘रॅशनल’ म्हणजे अपूर्णांक प्रकारावर चालवा. यादी येते: १, ३/२, १७/१२, ५७७/४०८. हा चौथा अपूर्णांक ओळखीचा वाटतोय का? बौधायनाच्या शुल्बसूत्रात २ च्या वर्गमुळासाठी सांगितलं आहे की एकात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर नेमके ५७७/४०८ येतात. बौधायनाने न्यूटनची रीत वापरली असं यावरून म्हणता येत नाही. पण एकच फंक्शन दशांशावरही चालतं आणि अपूर्णांकावरही, हे इथे स्वच्छ दिसतं.

आता थांबायचं कुठे? त्यासाठी दुसरं फंक्शन लिहा. त्याला अंदाजांची यादी आणि चालेल एवढा फरक द्यायचा. त्याने यादीतले पहिले दोन शेजारी बघायचे. फरक ठरल्यापेक्षा कमी असेल तर दुसरा आकडा परत करायचा, नसेल तर पहिला टाकून उरलेल्या यादीवर स्वतःलाच बोलवायचं. हे फंक्शन वर्गमुळाबद्दल काहीही जाणत नाही, आणि म्हणूनच ते पुढे सगळीकडे कामी येतं. ही विभागणी जॉन ह्यूज यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात फार नेटकी मांडली होती.

दशांशानंतर अकरा शून्यं आणि मग एक, एवढ्या चिमुकल्या संख्येचं वर्गमूळ काढून बघा. खरं उत्तर आहे ०.०००००१. चालणारा फरकही ०.०००००१ ठेवला असेल तर उत्तर भरवशाचं राहणार नाही, कारण फरक उत्तराएवढाच आहे. अशा वेळी थांबवणाऱ्या फंक्शनची दुसरी आवृत्ती लिहा, जी दोन शेजाऱ्यांचं गुणोत्तर बघते. न्यूटनच्या ओळीला हात लावायचा नाही.

पायरी ३: डेरिव्हेटिव्ह, आणि त्यातला सापळा

एका छोट्या पावलाने पुढे जायचं, फंक्शनमधला फरक त्या पावलाने भागायचा. पाऊल दरवेळी निम्मं करायचं, म्हणजे पुन्हा इटरेट. मग पावलांच्या यादीवर ‘मॅप’ (यादीतल्या प्रत्येक आकड्यावर तेच फंक्शन चालवणारं फंक्शन) लावला की अंदाजांची यादी तयार. क्ष च्या घनाचा डेरिव्हेटिव्ह क्ष = २ पाशी १२ असतो. १ या पावलापासून सुरू केलं तर अंदाज येतात १९, १५.२५, १३.५६२५, १२.७६५६२५. जवळ येतायत, पण रखडत.

इथे यादी हातात असण्याचा फायदा कळतो. प्रत्येक शेजारी जोडीतून ‘दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला’ असा नवा आकडा काढा. ‘झिपविथ’ दोन याद्यांतले आकडे जोडीजोडीने घेऊन फंक्शनला देतं; त्याला मूळ यादी आणि तिचीच पहिला आकडा गाळलेली शेपटी द्या, झालं. नवी यादी: ११.५, ११.८७५, ११.९६८७५. चूक आता दरवेळी चौथाई होतेय. याच यादीवर पुन्हा एकदा ‘दुसऱ्याची चौपट वजा पहिला, भागिले ३’ लावा, पहिलाच आकडा नेमका १२ येतो. हे रिचर्डसनचं एक्स्ट्रपोलेशन. लूपमध्ये लिहायला गेलात तर इंडेक्स सांभाळता सांभाळता जीव जातो.

सापळा कुठे आहे? आता साइनचा डेरिव्हेटिव्ह क्ष = १ पाशी काढा (रेडियनमध्ये, उत्तर ०.५४०३…) आणि साधी यादी साठ आकड्यांपर्यंत छापून बघा. पंचविसाव्या-तिसाव्या आकड्याच्या आसपास उत्तर सर्वांत चांगलं असतं. पुढे ते सुधारायच्या ऐवजी बिघडत जातं आणि शेवटी नुसती शून्यं येतात. पाऊल इतकं लहान झालेलं असतं की १ अधिक पाऊल हे संगणकाच्या दृष्टीने १ च. शून्याशेजारी शून्य आलं की थांबवणारं फंक्शन म्हणतं ‘जुळलं’! या साध्या रीतीने साधारण आठ अंकांची अचूकता मिळते, बारा अंक मागितले म्हणून मिळत नाहीत. थांबवणाऱ्या फंक्शनवर विसंबण्याआधी यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

क्षेत्रफळाचा सराव स्वतःच करा. ४ ÷ (१ + क्ष²) या वक्राखालचं ० ते १ मधलं क्षेत्रफळ पाय (π) इतकं असतं. समलंबांच्या पट्ट्या १, २, ४ अशा वाढवल्या की ३, ३.१, ३.१३११७६… येतं. त्यावर वरचंच ‘चौपट वजा पहिला, भागिले ३’ लावा: ३.१३३३…, मग ३.१४१५६८… नवं फंक्शन एकही लिहावं लागलं नाही.

पायरी ४: बेरीज ही साधी गोष्ट नाही

यादी गुंडाळून एक उत्तर काढायचं काम ‘फोल्ड’ करतो. ०.१, ०.२, ०.३ यांची बेरीज डावीकडून फोल्ड केली तर ०.६००००००००००००००१ येते, उजवीकडून केली तर ०.६. फंक्शनल पुस्तकी ज्ञान सांगतं की बेरजेत कंस कुठेही टाका, फरक पडत नाही. गणितात नाही पडत, फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणकाच्या मोजक्याच अंकांच्या दशांश हिशेबात, पडतो. काम चार प्रोसेसरवर वाटून दिलं की शेवटचे अंक बदलतात, त्याचं कारण हेच.

यावरचा विल्यम कहान यांचा उपाय लिहून बघा. प्रत्येक बेरजेत जो बारीक भाग गळून पडतो तो वेगळा धरून ठेवायचा आणि पुढच्या आकड्यात जमा करायचा. लूपमध्ये यासाठी दोन बदलते व्हेरिएबल लागतात. इथे फोल्डमधून (बेरीज, गळती) अशी जोडी पुढे पुढे द्यायची. ‘आता व्हेरिएबल कसं बदलू?’ या प्रश्नाचं फंक्शनल उत्तर जवळपास नेहमी हेच असतं.

लाखो आकडे असतील तर साधा डावा फोल्ड वापरू नका. आळशीपणामुळे न केलेल्या बेरजांचा ढीग साचतो आणि मेमरी भराभर चढते. नावाच्या शेवटी अपोस्ट्रॉफी असलेला फोल्ड वापरा. तोही जोडीच्या आतले दोन आकडे लगेच मोजत नाही, म्हणून त्या दोघांच्या नावांआधी उद्गारचिन्ह लावून सक्ती करावी लागते.

पायरी ५: याद्या सोडा, अ‍ॅरे धरा

यादी शिकायला उत्तम, पण मोठ्या कामाला फार हळू. हॅस्केलमध्ये ‘व्हेक्टर’ पॅकेजमधले अनबॉक्स्ड व्हेक्टर (आकडे मेमरीत सलग ठेवणारे अ‍ॅरे) घ्या, मॅट्रिक्ससाठी ‘एचमॅट्रिक्स’. ते आतून ब्लास आणि लॅपॅक या मॅट्रिक्सच्या गणितात मुरलेल्या लायब्ररींनाच काम देतं. मॅट्रिक्स गुणाकार स्वतः लिहायचा तो फक्त सरावापुरता.

नोकरी-संशोधनात बहुधा पायथॉनच समोर येईल. तिथे गूगलची ‘जॅक्स’ ही आकडेमोडीची लायब्ररी बघा. हॅस्केलवर हात बसला असेल तर त्याचे नियम जाचक वाटणार नाहीत. फंक्शन शुद्ध, म्हणजे बाहेरचं काही न बदलणारी हवीत, अ‍ॅरेचा एखादा आकडा जागच्या जागी बदलता येत नाही, यादृच्छिक संख्यांसाठीची किल्ली दरवेळी आपणच हाताने द्यायची. ‘जिट’ (फंक्शन कंपाइल करून वेगवान करणारी सोय) लावलेल्या फंक्शनमध्ये साधा प्रिंट टाकला तर तो पहिल्यांदा छापतो आणि नंतर गप्प बसतो. याला बिघाड समजू नका, फंक्शन कंपाइल होतानाच तो प्रिंट चालून गेलेला असतो. त्याचं ‘ग्रॅड’ डेरिव्हेटिव्ह काढतं ते छोट्या पावलाने नाही, साखळी नियमाने, त्यामुळे पायरी ३ मधला सापळा तिथे येत नाही. मात्र जॅक्स मुळात ३२ बिटांवर चालतं. वर्गमुळाची यादी तिथे छापाल तेव्हा सातेक अंकांपुढे काही जुळणार नाही, म्हणून पहिल्याच ओळीत ६४ बिटांची सेटिंग चालू करा आणि मगच हॅस्केलमधल्या उत्तरांशी ताडून बघा.