दुर्बीण घेताय? पुढच्या भिंगाच्या या चुका टाळा

हिवाळ्यात गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर पक्षी पाहायला उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, "तुमची किती एक्सची?" घोळ इथूनच सुरू होतो. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. माणसं पहिल्या आकड्यावर भाळतात. मीही भाळलो.

खिशात मावते म्हणून १०×२५ घेतली. चोडणला भर उन्हात खारफुटीतला खंड्या झकास दिसला. मग एकदा पहाटे मोलेच्या रानात गेलो. फांदीवर कर्णा पक्षी बसलेला. सोबत्याला त्याची लालभडक पोट दिसत होतं, मला नुसता काळा आकार. घरी येऊन भागाकार केला: २५ भागिले १०, अडीच. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा झोत एवढाच मिलिमीटर रुंद. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीही दोन-तीन मिलिमीटरच असते, त्यामुळे काही उणं वाटत नाही. अंधुक उजेडात ती पाचापर्यंत, तरुणपणी त्याहूनही जास्त मोठी होते. ८×४२ चा भागाकार येतो सव्वापाच.

मग सरळ मोठं भिंग घ्यावं? १०×५० चा भागाकार पाच, आणि वजन तासाभरात मानेला कळतं.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजळ खिडकीकडे करा (सूर्याकडे कधीच नाही). मागच्या काचेत दोन उजळ ठिपके दिसतील. ते पुरते गोल हवेत. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या असतील तर आतले प्रिझम (प्रकाश वळवणाऱ्या काचा) हलक्या प्रतीचे. ठिपका भागाकारापेक्षा लहान दिसला, तर वर छापलेलं भिंग पुरतं वापरातच नाही. लाल चमकणाऱ्या काचा दिसायला भारी, पण त्या लाल रंगच परतवतात. कर्णा पाहायला अगदी नकोत.

आणि पावसाळा. चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेल्या माझ्या दुसऱ्या दुर्बिणीच्या भिंगावर चतुर्थीपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. आता घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवतो.