माटोळीतलं तोरंजन वेबवर डोलवताना

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या फोंड्याच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट, बांधतात. बाबा स्टुलावर, खाली आजी. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरंजन (मोठं लिंबासारखं फळ), आंबाडे, कवंडळं असं एकेक नाव घेत ती वर देत जाते. तीन वर्षांपूर्वी मनात आलं, ही माटोळी वेबवर टांगावी. फळाला बोट लागलं की ते डोलावं आणि आजीच्या आवाजात त्याचं नाव ऐकू यावं. इंटरॅक्टिव्ह वेबचं मला जे येतं त्यातलं निम्मं या एका पानानं शिकवलं. म्हणून नवीन मुलं ‘कुठलं टूल शिकू’ विचारतात तेव्हा मी आधी हीच गोष्ट सांगते.

पहिल्या खेपेला मी थेट थ्री.जेएस उचललं. रिकार्दो काबेयो यांनी २०१० साली खुली केलेली ही तयार कोडची लायब्ररी वेबजीएलचं (ब्राउझरमधून ग्राफिक्स चिपवर चित्र काढण्याच्या पद्धतीचं) किचकट काम आपल्या अंगावर घेते आणि ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्र उभं करते. माझ्या लॅपटॉपवर तोरंजनाच्या सालीवर उजेड असा पडायचा की बघत राहावं. पान झालं ४० एमबीचं. वाळपईच्या मावशीला लिंक पाठवली, तर तिचा फोन: “अगो, इथे काहीच दिसत नाही.” थोड्या वेळानं दिसलं, पण फोन तापला आणि ब्राउझर बंद पडला.

मग विचार केला की माटोळी कोण फिरवून बघतं? ती खालून, एकाच बाजूनं बघायची असते. त्रिमितीची गरजच नव्हती. फळांचे फोटो कापून वेबपी या हलक्या फॉरमॅटात केले, दोऱ्या एसव्हीजीत (रेघांच्या चित्राचा फॉरमॅट) काढल्या, डोलण्यासाठी जीसॅप हे हालचालीचं टूल घेतलं. सगळं मिळून ६०० केबीच्या आत बसलं. जीसॅपचे काही प्लगइन (जोड-भाग) पूर्वी विकत घ्यावे लागत; २०२४ मध्ये वेबसाइट बनवण्याचं टूल देणाऱ्या वेबफ्लोनं जीसॅपची कंपनी घेतली आणि २०२५ पासून सगळे मोफत आहेत. नव्या माणसासाठी ही मोठीच सोय झाली.

त्रिमिती खरोखर हवी असेल तेव्हा जरूर वापरा, पण पिक्सेल रेशो (पानाच्या एका पिक्सेलमागे आडवे आणि उभे पडद्याचे किती पिक्सेल) २ वर अडवा. ज्या फोनचा रेशो ३ आहे तो १ च्या तुलनेत नऊपट पिक्सेल रंगवत बसतो. २ वर अडवला की चारपट. डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही, बॅटरीला कळतो.

दुसरी चूक उशिरा सापडली. एका मैत्रिणीच्या नव्या फोनवर फळं दुप्पट वेगानं हलत होती. मी प्रत्येक फ्रेमला ठरावीक अंश वाढवत होते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तिचा पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे त्याच एका सेकंदात दुप्पट फ्रेम. प्रत्येक फ्रेमआधी आपलं फंक्शन बोलावणारं ब्राउझरचं रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम त्याला त्या क्षणाची वेळ सांगतं, ती वापरायची असते: मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्या हिशेबानं हलवायचं. जीसॅप हा हिशेब आपणहून करतं. तरी एकदा हातानं लिहून बघाच, नाहीतर टूल काय करतंय ते कधी उमगत नाही.

आवाजानंही अडवलं. पान उघडताच आजीचं “या, बघा” वाजावं अशी माझी इच्छा होती, ब्राउझर गप्प. बघणाऱ्यानं पानाला स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाहीत. हा नियम मला आता योग्य वाटतो. बसमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनमधून अचानक आवाज का यावा? पहिल्या टॅपवर ऑडिओकॉन्टेक्स्ट (ब्राउझरची आवाजाची यंत्रणा) चालू केला आणि प्रश्न मिटला.

मराठीत काम करणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ती सहसा नसते. अक्षरं एकेक करून उडत येणारं शीर्षक सगळ्यांना आवडतं. पण ‘चतुर्थी’ हा शब्द स्प्लिट या कमांडनं तोडलात तर वेलांट्या आणि उकार ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळांवर लटकतात, रफार निखळतो. अक्षरं नीट ओळखून वेगळी करणारा ब्राउझरमधला इंटल.सेगमेंटर बरीच मदत करतो, तरी जुन्या ब्राउझरवर जोडाक्षर तुटू शकतं. मी शब्द अख्खा हलवते. मराठीला तेच शोभतं.

आणि प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन, म्हणजे ‘हालचाल कमी दाखवा’ ही फोनची सेटिंग, विसरू नका. माझ्या मामाला चक्कर येण्याचा त्रास आहे. त्याच्या फोनवर ही सेटिंग चालू असते, म्हणून त्याच्याकडे फळं स्थिर राहतात, नावं मात्र ऐकू येतात.

अगदी कोरी सुरुवात असेल तर पी५.जेएस ही कोडमधून चित्र काढायची सोपी लायब्ररी घ्या. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ साली ते सुरू केलं ते शिकणाऱ्यांचा विचार करूनच. क्रोमच्या डेव्हटूल्समधला (कोड तपासायच्या साधनांमधला) परफॉर्मन्स टॅब, जो पान कुठे अडखळतं ते दाखवतो, पहिल्या महिन्यातच उघडा, आणि सीपीयू मुद्दाम मंद करून आपलं पान बघा.

कार्यक्रमांचं म्हणाल तर रिॲक्ट इंडिया ही वेब-डेव्हलपरांची परिषद २०१९ साली पहिल्यांदा भरली ती गोव्यातच. अशा ठिकाणी फोनमध्ये आपलं चालतं पान घेऊन जा. ओळख आपोआप होते. पण मला घडवलं ते घरबसल्या स्पर्धांनी. जेएस१३केगेम्स ही खेळ बनवण्याची स्पर्धा २०१२ पासून दरवर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर असते, आणि अख्खा खेळ झिप करून १३ केबीत बसवायचा असतो. बरेचदा ऐन चवथीत येते, धावपळ होते, तरी सोडू नका. जानेवारीत जेन्युअरी असते: रोज एक विषय, रोज एक छोटं चित्र कोडमधून.

प्रेरणेसाठी कोडपेन, शेडरटॉय, कोड्रॉप्स या इतरांचे प्रयोग दाखवणाऱ्या साइट बघतेच. पण गती मी शिकले ती भावानं बनवलेल्या नरकासुराच्या पुतळ्याकडून. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यात मोटर आणि साखळी लावून हलणारे नरकासुर उभे असतात. आमच्याकडच्याचा हात वर सावकाश जायचा, क्षणभर थांबायचा आणि झपकन खाली यायचा. तो थांबा काढला की पोरं घाबरत नसत. ॲनिमेशनमध्ये वेग असा कमीजास्त करण्याला इझिंग म्हणतात, ते हेच. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात झोर्झे कोलासू यांचं १९३५ सालचं निळं अझुलेजू (पोर्तुगीज रंगीत टाइल्सचं) काम आहे. भिंतीवरची गोष्ट चालत चालत वाचावी लागते. स्क्रोलवर गोष्ट सांगायची असेल तर आधी तिथे दोन फेऱ्या मारा. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, २०१६ पासून. त्यातही हात लावता येण्यासारखं काही दिसलं तर तिथे थांबा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात घालवला आहे. मुलं पाटी वाचत नाहीत, थेट दांडा ओढतात, बटण दाबतात. लगेच काही झालं तर पुन्हा दाबतात. नाही झालं तर पुढच्या यंत्राकडे पळतात. हल्ली नवं पान झालं की मी कुणाला काही समजावत नाही. फोन हातात देते आणि पहिलं बोट कुठे जातं ते बघते.