मिरचीची पानं वळली? झाड उपटण्याआधी व्हायरस आहे का, ते असं ओळखा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर मिरची, टोमॅटो, भेंडी, जास्वंद, सदाफुली असं सगळं आहे, आणि पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की ठरलेला प्रश्न येतो: "पानं वळलीत, काय फवारू?" त्यावर ग्रुपवर लगेच सल्ल्यांचा पाऊस पडतो. आंबट ताक, हळदीचं पाणी, ॲस्पिरिनची गोळी, एप्सम सॉल्ट, शिवाय 'व्हायरसवर हमखास' म्हणून विकली जाणारी एखादी बाटली. यातल्या एकानेही व्हायरस झालेलं झाड बरं होत नाही. झाडाच्या व्हायरसवर औषध नाही, घरगुती नाही आणि दुकानातलंही नाही. बुरशीनाशकाचा तर संबंधच येत नाही. रशियात इव्हानोव्स्की या शास्त्रज्ञाने १८९२ साली रोगट तंबाखूचा रस जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाडं आजारी पडली. इतकी सूक्ष्म ही गोष्ट झाडाच्या पेशींच्या आत बसलेली असते, पानावर मारलेला थर तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

त्यामुळे कामं दोनच उरतात. व्हायरस आहे की नाही हे नक्की करायचं, आणि असेल तर झाड नीट काढायचं. दुसरं काम पंधरा मिनिटांचं आहे. पहिल्याने मला बरीच वर्षं छळलंय, म्हणून या लेखाचा बहुतेक भाग त्यावरच आहे.

आधी झाड बाजूला घ्या

संशय आला त्याच दिवशी कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. जागा नसेल तर चार काठ्या रोवून वर जुनी पातळ ओढणी टाका आणि खालून कुंडीला बांधा. व्हायरस पसरवणारी पांढरी माशी उडून शेजारच्या झाडावर जाऊ नये, एवढाच हेतू.

ओळख: इथेच सगळे फसतात

मिरचीच्या या दुखण्याला आपण सरसकट चुरडा-मुरडा म्हणतो, पण त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात: फुलकिडे, कोळी (जाळं विणणारा नव्हे, माइट नावाची अतिसूक्ष्म कीड) आणि व्हायरस. पहिल्या दोन्हींत झाड वाचतं. म्हणून पान वळलेलं दिसलं की लगेच उपटा, हा सल्लाही ताकाच्या सल्ल्याइतकाच वाईट आहे. असं उपटलेल्या मिरच्यांपैकी कितीतरी फक्त कोळ्याने वळलेल्या असतात.

पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर आधी फुलकिड्यांचा संशय घ्या. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. बारीक, लांबट, पिवळसर किडे कागदावर चालायला लागले की उत्तर मिळालं. पानाच्या मागे रुपेरी किंवा तपकिरी ओरखडेही दिसतात.

कडा खाली वळून होडी पालथी झालेली दिसली, पान अरुंद झालं, देठ नेहमीपेक्षा लांब वाटला आणि पानाची मागची बाजू तांबूस, तकतकीत दिसली, तर तो कोळी. हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. "मी नीट बघितलं, एकही कीड नाही, म्हणजे व्हायरसच" असं म्हणणारे बहुतेक जण भिंगाशिवाय बघत असतात. दहापट किंवा त्याहून मोठं दाखवणारं भिंग घ्या, सर्वांत कोवळं पान उलटं करा आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू उजेडात शांतपणे बघा. हलणारे इवले पारदर्शक ठिपके दिसतील. भिंगाला पर्याय नाही, आणि बागेतली कुठलीही बाटली घेण्याआधी भिंग घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

व्हायरसमध्ये वळण्यापेक्षा आखडणं जास्त असतं. नवी पानं लहान येतात, शिरा जाड होऊन त्यांच्यामधला भाग फुगतो, रंग फिका पडतो, दोन पेरांमधलं अंतर कमी होत जातं आणि शेंडा झुपक्यासारखा दिसू लागतो. फुलं गळतात. झाडाची वाढ जणू थांबते. पांढरी माशी हा व्हायरस आणते, त्यामुळे झाड हलवल्यावर पांढरा भुरका उडाला तर संशय बळावतो. पण माशी दिसली म्हणजे व्हायरस झालाच, असंही नाही. उलट, माशी येऊन कधीच निघून गेलेली असेल आणि झाड आता आखडत असेल, हेही होतं.

खरी अडचण अशी की ही तिन्ही दुखणी एकाच झाडावर एकत्र असू शकतात, आणि मग चित्रं बघून काही ठरत नाही. फोटो पाठवून निदान मागू नका आणि कुणाचा फोटो बघून निदान देऊही नका. त्याऐवजी ही परीक्षा घ्या.

शेंड्याजवळच्या सर्वांत लहान पानाच्या खाली लोकरीचा धागा सैल बांधा. आता किडीचा बंदोबस्त करा. कोळी असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या मागून. फुलकिडे असतील तर कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, थोड्या द्रव साबणात आधी नीट फेटून. पाच-सात दिवसांनी तेच पुन्हा. गंधक आणि तेल एकत्र किंवा लागोपाठ मारू नका, मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. मे महिन्याच्या उन्हात गंधक नकोच. पाकिटावर तोडणीपूर्वी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, ते पाळा.

दोन ते तीन आठवड्यांनी फक्त धाग्याच्या वरची पानं बघा. खालची वळलेली पानं कधीच सरळ होत नाहीत. त्यांच्याकडे बघून "औषध लागू पडलं नाही" असं म्हणणं ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती रोज होताना दिसते. वर आलेली पानं सपाट, मोठी, नेहमीच्या हिरव्या रंगाची असतील तर झाड वाचलं. भिंगाखाली कीड नाही, तरीही एकूण एक नवं पान आखडलेलंच येतंय, तर तो व्हायरस. मग आणखी एक संधी देऊ नका. त्या एका मिरचीवर दया दाखवताना शेजारच्या सगळ्या कुंड्या तुम्ही पणाला लावता.

परीक्षेच्या काळात खताचा मारा करू नका. नत्र जास्त झालं की कोवळी फूट वाढते आणि किडीला तेच हवं असतं.

भेंडीला एवढा खटाटोप लागत नाही. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, अशी पिवळी जाळी दिसली तर तो हळद्या, म्हणजे व्हायरसच. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर लोहाची कमतरता, झाड ठेवा. हळद्याची नोंद १९२४ साली आपल्याच तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून झाली होती, आणि आजही पांढरी माशी तो तशीच पसरवते.

टोमॅटोची पानं सुतळीसारखी बारीक झाली तर एक प्रश्न विचारा: सोसायटीत नुकतंच तणनाशक मारलंय का? वाऱ्याने आलेल्या तणनाशकानेही पानं अशीच पिळवटतात.

फुलझाडांत जास्वंदीचा शेंडा आखडला की बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण सापडतो. शेंडा छाटा, पाण्याचा जोरदार फवारा मारा. गुलाबाच्या पानावर पिवळ्या नागमोडी रेघा आल्या तर तो व्हायरस आहे, पण तो कलमातून येतो, माशीतून नाही. झाड ठेवा, फक्त त्याचं कलम कुणाला देऊ नका. सदाफुलीला फुलांच्या जागी हिरवी बारीक पानं आली तर तो व्हायरस नाही, तुडतुड्यांनी आणलेला फायटोप्लाझ्मा, म्हणजे जिवाणूसारखा सूक्ष्मजीव आहे. तरी झाड काढाच, घरच्या घरी त्यावर उपाय नाही. कर्दळीच्या पानावर पिवळे पट्टे असतील आणि ती पट्ट्यांची जात नसेल, तर कंद वाटू नका. व्हायरस कंदातून आणि फांदीतून जसाच्या तसा पुढे जातो.

काढायचं कसं

सकाळी लवकर काढा, माश्या तेव्हा सुस्त असतात. आधी साबणाचं पाणी पानांच्या मागून मारा. मग कचऱ्याची मोठी पिशवी वरून पूर्ण झाडावर घाला, बुंध्याशी आवळा आणि तशीच उपटा किंवा कापा. झाड झटकत, माती पाडत गच्चीभर फिरवलं तर व्हायरस घेऊन बसलेल्या माश्या तुम्ही स्वतःच वाटल्या, आणि अशी माशी पुढे बराच काळ रोग पसरवत राहते. पिशवी दिवसभर उन्हात ठेवा, मग ओल्या कचऱ्यात द्या.

झाडावर मिरच्या असतील तर खुशाल खा. झाडांचे व्हायरस माणसाला होत नाहीत. पपईवर गोल वळ्या आल्या तरी फळ खाता येतं. मात्र सोसायटीच्या आवारात पपई आणि भोपळा-काकडीचे वेल जवळजवळ ठेवू नका, कारण पपईचा हा व्हायरस वेलांवरही जगतो. मावा तो काही सेकंदांत टोचून देतो, कीटकनाशकाचा परिणाम होईपर्यंत काम झालेलं असतं.

कुंडीतली माती फेकू नका. पर्णगुच्छ (पानं आखडण्याचा रोग) आणि हळद्याचे व्हायरस मातीत राहत नाहीत. अपवाद तंबाखूच्या मोझॅक व्हायरसचा. तो वाळलेल्या मुळांत आणि पाल्यात वर्षानुवर्षं टिकतो, हातांनी आणि कात्रीने पसरतो. पानावर फिका-गडद हिरवा चट्ट्याचट्ट्यांचा नकाशा, पण माशी नाही, मावा नाही, अशी मिरची किंवा टोमॅटो काढला असेल तर त्या कुंडीत कडीपत्ता नाहीतर गवती चहा लावा. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसाने, माळीबुवांनीसुद्धा, साबणाने हात धुतल्याशिवाय टोमॅटो-मिरचीला हात लावू नये. हे मी सगळ्यांना तोंडावर सांगते. कात्री नुसत्या स्पिरिटने पुसून हा व्हायरस मरेल अशा भरवशावर राहू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, यात बुडवून नंतर धुवा.

पुन्हा लावताना

मच्छरदाणी बांधा असा सल्ला सगळीकडे मिळतो. पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची असते, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरामात आत जाते. ४० ते ५० मेशची (एका इंचात तेवढी भोकं असलेली) कीटकरोधक जाळी मागा. रोप लहान असताना झालेला व्हायरस सगळं पीक घालवतो, मोठ्या झाडाला झाला तर थोडं तरी हाती लागतं. म्हणून बी पेरल्यापासून निदान पहिले सहा-आठ आठवडे जाळी काढू नका. मिरची-टोमॅटोला परागीकरणासाठी मधमाशी लागत नाही, फुलांचा झुपका हलकेच हलवला तरी पुरतं.

टोमॅटोत अर्का रक्षक हा वाण रोग सहन करतो. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे हळद्या सहन करणारे वाण म्हणून आले, पण त्यांची ती ताकद आता बऱ्याच ठिकाणी कमी झाली आहे. नर्सरीतून आणलेलं रोप दोन आठवडे वेगळं ठेवा. कुंडीत आपोआप उगवलेलं, पिवळ्या शिरांचं तण दिसलं की लगेच काढा, व्हायरस तिथेच मुक्काम करतो.

रिकाम्या जागी झाडाच्या उंचीवर पिवळा चिकट सापळा टांगा. सापळ्याने माश्या संपत नाहीत, पण किती आहेत ते कळतं. नवा सापळा लावून आठवडाभर त्यावर पांढरे ठिपके आले नाहीत, की नवं रोप लावा, जाळीसकट.