निओव्हिममध्ये व्याख्येवर उडी: टॅग फाइल की लँग्वेज सर्व्हर?

निओव्हिम या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये कर्सरखालच्या नावाची व्याख्या, म्हणजे ते फंक्शन किंवा क्लास जेथे लिहिले आहे ती जागा, उघडण्यासाठी कंट्रोल-] ही एकच कळजोडी पुरते. मात्र तिच्यामागे कोणती यंत्रणा उत्तर देणार, हे प्रत्येक प्रकल्पासाठी विचारपूर्वक ठरवावे, कारण भलत्याच व्याख्येवर पोहोचून तीच खरी मानण्यापेक्षा काहीच न सापडलेले परवडते.

पहिला मार्ग टॅग फाइलचा, म्हणजे कोडमधील नावांच्या तयार सूचीचा. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये युनिव्हर्सल सीटॅग्ज हे साधन -आर (-R) पर्यायासह चालवले की ही फाइल तयार होते. तिच्यात सहसा नाव, फाइलचा पत्ता आणि व्याख्येच्या ओळीचा मजकूर नोंदलेला असतो, त्यामुळे वर चार ओळी वाढल्या तरी उडी चुकत नाही. नवे फंक्शन मात्र फाइल पुन्हा तयार केल्याशिवाय सापडत नाही. खरी मर्यादा अशी की येथे फक्त नाव जुळवले जाते. ‘ओपन’ नावाचे मेथड अनेक क्लासमध्ये असतील, तर कंट्रोल-] त्यांपैकी एकावर नेऊन सोडते. अशा वेळी ‘जी’ (g) ही कळ दाबून मग कंट्रोल-] दाबावे, म्हणजे सर्व पर्यायांची यादी समोर येते.

दुसरा मार्ग लँग्वेज सर्व्हरचा, म्हणजे कोडचा अर्थ लावून एडिटरला उत्तरे देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमचा. सी++ साठी क्लँगडी हा सर्व्हर वापरल्यास ऑब्जेक्टचा टाइप पाहून नेमके मेथड निवडले जाते, पण त्यासाठी प्रत्येक फाइल कोणत्या पर्यायांनी कंपाइल होते याची जेसन फाइल त्याला मिळावी लागते. सीमेक हे बिल्डची मांडणी करणारे साधन मेक किंवा निंजा या बिल्ड चालवणाऱ्या साधनांसोबत वापरत असाल, तर ‘एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स’ हा पर्याय चालू करताच ती बिल्डच्या फोल्डरमध्ये तयार होते. संपूर्ण प्रकल्पाची अनुक्रमणिका पूर्ण होईपर्यंत क्लँगडी हेडरमधील घोषणेवरच थांबू शकते, तेव्हा सुरुवातीला थोडी वाट पाहावी.

प्रकल्प आपल्या संगणकावर बिल्ड होत असेल, तर सर्व्हर निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बिल्ड होत नसलेला जुना कोड वाचायचा असेल, किंवा अनेक प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेल्या सशर्त कंपाइल होणाऱ्या शाखा पाहायच्या असतील, तर टॅग फाइल अधिक उपयोगी पडते, कारण सर्व्हर चालू पर्यायांत बसणारी शाखाच समजून घेतो.

दोन्ही एकत्र ठेवता येतात, आणि येथेच सावध राहावे लागते. सर्व्हर जोडला गेला की निओव्हिम त्या बफरचा (उघडलेल्या फाइलचा) टॅगफंक हा, टॅग कोणी शोधायचे ते ठरवणारा पर्याय आपोआप बदलतो, कंट्रोल-] मग आधी सर्व्हरला विचारते आणि त्याच्याकडून काहीच न आल्यास निमूटपणे टॅग फाइलकडे वळते. सोय चांगली आहे, पण मिळालेले उत्तर टाइप तपासून आलेले की केवळ नाव जुळवून, हे पडद्यावर दिसत नाही. शंका आल्यास ‘:व्हर्बोस सेट टॅगफंक?’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत देऊन तो पर्याय कोणी बदलला ते पाहावे. केवळ टॅग फाइलच हवी असेल, तर सर्व्हर जोडला जाताच घडणाऱ्या एलएसपी-अटॅच या इव्हेंटवर तो पर्याय त्या बफरपुरता रिकामा करावा. कोणताही मार्ग निवडला, तरी कंट्रोल-] ने मारलेल्या उडीवरून मूळ जागी परतण्यासाठी कंट्रोल-टी हीच कळजोडी चालते.